राखीव नावाचा डाव

"राखीव," टोबी म्हणाला. "राखीव, लोस." लोस म्हणजे चला.

हेल्मेटला हेल्मेट टेकवून आम्ही अकरा जण गोल करून उभे होतो. टोबी आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. जर्मनीतल्या इंगोलश्टाटजवळच्या खेड्यातला सुतार, मनाने सरळ. त्याला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. बाकीच्या नऊ जणांनाही नव्हता. त्यांनी एकदम टाळी वाजवली, "राखीव" म्हणून ओरडले आणि आपापल्या जागी गेले. मैदानावर त्या शब्दाचा अर्थ कळणारी माणसं दोनच. एक मी. दुसरा कडेच्या रेषेवर टोपी घालून उभा होता. तो शब्द त्यानेच शिकवला होता.

माझे कान तापले. पाय मात्र पळाले.

मी वाइड रिसीव्हर. अमेरिकन फुटबॉलमध्ये रांगेच्या अगदी टोकाला उभा असतो तो. सुसाट पळायचं, अंगावरच्या बचावपटूला चकवायचं आणि लांबून आलेला चेंडू झेलायचा, हे त्याचं काम. राखीव नावाच्या डावात मी फक्त पळायचं होतं. दोन बचावपटूंना माझ्यामागे ओढून न्यायचं. त्यामुळे मधली जागा मोकळी होते आणि तिथे चेंडू दुसराच कोणीतरी झेलतो. टाळ्याही त्याला. असा डाव प्रत्येक संघात असतो आणि प्रत्येक रिसीव्हर कधी ना कधी तो पळतो. त्यात अपमान नाही. अपमान नावात होता.

तो शब्द माझ्या फार ओळखीचा. अकोल्याच्या शाळेत सर भर वर्गात म्हणायचे, "राखीववाले उभे राहा." शिष्यवृत्तीची माहिती घ्यायची असायची, दुसरं काही नाही. आम्ही चारपाच पोरं उभी राहायचो. मान खाली. मागच्या बाकावर खुसखुस. पुढे इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात तेच. माझे मार्क त्यांच्याहून जास्त, तरी "तुमचं काय बाबा, तुमची मजा आहे." ऐकून मी हसायचो. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

जर्मनीत आलो तेव्हा आडनावाचं स्पेलिंग सोडून कोणी काही विचारलं नाही. शिक्षण झालं, इंगोलश्टाटला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो. मी हलका झालो. खरंच हलका.

ऑफिसातल्या एकाने या क्लबात आणलं. हौशी क्लब, इथल्या भाषेत फेराइन. कॉलेजात मी चारशे मीटर पळायचो, ते पाय इथे कामाला आले. आणि कडेच्या रेषेवर मराठी बोलणारा कोच. आक्रमणाचे सगळे डाव तोच ठरवायचा. मूळ पुण्याचा, अमेरिकेत शिकलेला, हा खेळ तिथेच आत्मसात केलेला, मग नोकरीसाठी इकडे आलेला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "अरे, आपला माणूस." मी त्याला दादा म्हणू लागलो.

डावांना मराठी नावं द्यायची कल्पना दादांची. समोरच्या संघाला इंग्रजी कळतं, जर्मन तर कळतंच. मराठी कोणाला कळणार? मग भाकरी म्हणजे दहा पावलं पळून आत वळ. ठेचा म्हणजे सरळ खोल पळ, मागे बघू नकोस. हे आडदांड बव्हेरियन गडी "ठेचा" म्हणून ओरडायचे तेव्हा मला हसू आवरायचं नाही. त्या पहिल्या मोसमात ठेचा माझा होता. टोबी फेकायचा, मी झेलायचो, दादा येऊन मिठी मारायचे. रविवारी त्यांच्याकडे जेवण. वहिनी वरणावर तूप वाढायच्या, म्हणायच्या, "हक्काने येत जा रे."

सामना झाला की अकोल्याहून बाबांचा फोन. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. एकच विचारायचे.

"आला का बॉल तुह्याकडे?"

"आला, बाबा."

"मंग झालं."

दुसऱ्या मोसमाचा पहिला सामना एप्रिलमध्ये होता, जयंतीच्या आठवड्यात. सामन्याआधी खेळाडू मनगटाला पांढरी पट्टी गुंडाळतात आणि तिच्यावर पेनाने काहीतरी लिहितात. टोबी मुलीचं नाव लिहितो. कोणी गेलेल्या आजोबांचं. मी लिहिलं, जय भीम. देवनागरीत. कोणाला दाखवायला नाही. तिकडे निळे झेंडे लागले असतील, बाबा पांढरा सदरा घालून निघाले असतील, आणि मी इथे एकटा. म्हणून लिहिलं.

दादा हात मिळवायला आले. पट्टी वाचली. माझ्याशिवाय ती वाचता येणारे तिथे ते एकटेच.

"अच्छा," ते म्हणाले. "कधी बोलला नाहीस."

"काय?"

"काही नाही. पट्टी घट्ट लाव, सुटेल."

त्या सामन्यात एकही चेंडू माझ्याकडे आला नाही. पुढच्या सरावाला दादांनी नवा डाव शिकवला. नाव राखीव. जर्मन पोरांना म्हणाले, छोटा शब्द आहे, ओरडायला सोपा. हे सांगताना बघत होते माझ्याकडे. आणि हसत होते.

सराव संपल्यावर मी त्यांना पार्किंगमध्ये गाठलं. "दादा, ते नाव बदला."

"अरे, गंमत रे. यांना काय कळतंय?"

"मला कळतं."

"एवढं मनाला लावून घेऊन टीममध्ये खेळता येत नाही." गाडीचं दार उघडत म्हणाले, "आणि तू तर हुशार आहेस, तुला कशाला लागायला हवं?"

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी बॅग उचलून चालू लागलो. त्यानंतर रविवारचं बोलावणं बंद झालं. वहिनींना बरं नाही, असं कळलं. सबंध उन्हाळा त्यांना बरं वाटलं नाही.

मी पळत राहिलो. ठेचा दुसऱ्याला गेला, भाकरी दुसऱ्याला गेली. माझ्या वाट्याला राखीव. कधी दोन्ही बचावपटूंना मागे टाकायचो, पुढे रान मोकळं असायचं, मी हात वर करायचो. टोबी माझ्याकडे बघायचा, मग कडेच्या रेषेकडे बघायचा आणि दुसरीकडे फेकायचा. बाबा विचारायचे, आला का बॉल? मी म्हणायचो, आला. बापाशी खोटं बोलायला लागलो होतो, आणि तेही दादांची अब्रू झाकायला. हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मला माझीच किळस आली.

मोसमाचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर. आम्ही थोड्याच गुणांनी मागे. शेवटची मिनिटं. रिंगणात टोबी म्हणाला, "राखीव." नऊ जण ओरडले. मी टोकाला जाऊन उभा राहिलो. चेंडू सुटला.

मी हललो नाही.

माझ्यामागे यायचे ते दोन बचावपटू कुठे जाणार? ते मधल्या जागेतच थांबले. टोबीला फेकायला जागा मिळेना. समोरच्या संघातल्या दुसऱ्या दोघांनी त्याला आडवा केला. मी तसाच उभा. सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं आणि मला मुळीच लाज वाटत नव्हती.

दादांनी टाइमआउट मागितला. आधी जर्मनमध्ये ओरडले, मग मराठीत. "झोपलास का? पळ ना."

"नाही पळणार."

"का?"

"राखीव म्हणजे काय ते यांना सांगा. जर्मनमध्ये. तुम्ही शिकवलंत, तुम्हीच सांगा."

ते हळूच म्हणाले, "आत्ता नको रे. प्लीज."

मग मीच सांगितलं. माझं जर्मन ऑफिसापुरतं आहे, पण तेवढं पुरलं. आमच्याकडे माणूस जन्माने खालचा ठरवतात, हे सांगितलं. शिकायला मिळावं म्हणून आमच्यासाठी जागा ठेवल्या, तर त्या जागांचीच शिवी केली, हेही सांगितलं. टोबीच्या हेल्मेटला माती लागली होती. त्याने विचारलं, "म्हणजे मोसमभर मी हेच ओरडत होतो?"

"हो," मी म्हणालो. "गेनाऊ. अगदी हेच."

सामना हरलो. कपडे बदलायच्या खोलीत कोणी माझ्याशी बोललं नाही. टोबीही नाही. बाहेर क्लबचे अध्यक्ष आणि दादा उभे होते. अध्यक्ष सभ्य माणूस, आवाजही चढवला नाही. "हे बघा, हा तुमच्या देशातला प्रश्न आहे. तो मैदानावर आणू नका."

"मी नाही आणला," मी म्हणालो. "तो शब्द तुमची पोरं मोसमभर ओरडत होती."

दादा मराठीत म्हणाले, "मी जातपात मानतच नाही. तूच मानतोस. हातावर लिहून फिरतोस."

"माझ्या हातावर मी लिहिलं, कोच. माझ्या पाठीवर तुम्ही लिहिलंत."

दादा हा शब्द त्या दिवशी माझ्या तोंडातून गेला तो गेलाच. अध्यक्षांनी सुचवलं, थोडे दिवस विश्रांती घ्या, हवं तर दुसरा क्लब शोधायला मदत करतो. म्हणजे जायचं मीच. मी नाही म्हटलं.

बाबांचा फोन आला. "आला का बॉल?"

"नाही आला, बाबा. मोसमभर आला नाही." सगळं सांगितलं.

मोर्च्यात कायम पुढे असलेला माणूस. "कायले लिहिलं हातावर?" ते म्हणाले. "परक्या मुलखात आहेस. निसतं खेळाचं होतं ना, पोरा." माझ्यासाठी घाबरले होते. मला वाईट वाटलं, पण मी ऐकणार नव्हतो.

"पुढच्या मोसमातही लिहिणार, बाबा," मी म्हणालो.

मोसम संपला तरी मंगळवारचा सराव चालूच असतो. मी जाणार. क्लब सोडायचा असेल तर त्याने सोडावा ज्याने तो शब्द आणला. डावाला दुसरं नाव द्या, माझ्याकडेही चेंडू फेका, तोच डाव मी सांगाल तितक्या वेळा पळेन. राखीव म्हणालात तर शाळेत राहायचो तसा उभा राहीन. फक्त या वेळी मान वर असेल, आणि तुमचा डाव पुढे जाणार नाही.