लांबची वाट

चित्रपटांच्या डीव्हीडी टपालाने घरपोच भाड्याने देणाऱ्या एका कंपनीचा मी सभासद झालो, तो केवळ एका जुन्या चित्रपटासाठी. त्यातील एक प्रसंग माझ्या पत्नीच्या खाडीकाठच्या गावातील मिठागरावर चित्रित झाला होता, आणि मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बायकांमध्ये तिची आई होती. आई लवकर गेली. तिचे एकही छायाचित्र नाही. पुढे जत्रेत लावलेल्या पडद्यावर पत्नीने तिला एकदाच पाहिले. त्या मिठागरावर आज इमारती आहेत.

पत्नीला काचबिंदू होता. नजर कडांकडून आत मिटत चालली होती. वाशीचे डॉक्टर म्हणाले, “जे पाहायचं ते आताच पाहून घ्या.”

कंपनीच्या संकेतस्थळावर त्या चित्रपटापुढे ‘शॉर्ट वेट’ असे लिहिलेले होते. त्याचे ‘लाँग वेट’ झाले, तेव्हा मी फोन केला.

“लाँग म्हणजे नेमके किती, याची व्याख्या करारात कुठे आहे?”

“काका, एकच कॉपी आहे. एका मेंबरकडे गेलीय. ते परत करतील तेव्हा तुम्हाला.”

“त्यांना मुदत?”

“मुदत नसतेच ना काका! तीच तर आपली स्कीम आहे.”

“काय म्हनते पोरगी?” शेजारी बसलेल्या पत्नीने विचारले.

“लाँग वेट.”

“लांबची वाट?” ती हसली. “मंग आमी पोचतो का बगा!”

मला हसता आले नाही. त्याच दिवशी मी पहिले पत्र पोचपावतीसह रजिस्टर केले. सेवेतील त्रुटी, अनुचित व्यापारी प्रथा, ग्राहक मंच. एकही शब्द मी सैल सोडला नाही. संकेतस्थळावरील माझ्या मागणीच्या यादीतील इतर चित्रपट पाठवून कंपनी वेळ मारून नेते, हे ध्यानात येताच मी ते सर्व काढून टाकले. पळवाट बुजवली, अशी माझी समजूत. त्यानंतर टपालाने काहीच येईना. करार पुन्हा वाचला. त्यांचे चुकत नव्हते. माझ्या संतापाला धरायला कलमच उरले नाही.

घरात पत्नी टेबलाच्या कडेपलीकडे, हवेत, कप ठेवू लागली. दारात उभ्या माणसाला “कोन?” म्हणून विचारू लागली. संकेतस्थळावर ‘व्हेरी लाँग वेट’ आले.

पाकीट आले ते एका दुपारी. ती टीव्हीपासून हातभर अंतरावर बसली. मिठागर येताच मी चित्र थांबवले. ओळीने बायका. तिने मान डावीकडून उजवीकडे नेली, पुन्हा मागे आणली.

“निस्ता उजेड दिसतो,” ती म्हणाली. “कोनती आई, तुमीच दावा.”

मी त्या माउलीला कधी पाहिलेलेच नव्हते. ज्यांचे चेहरे दिसत होते, त्यांपैकी एकीला तिची आई ठरवण्याचा मला काय अधिकार? एक बाई पाठमोरी होती. पत्नीचे बोट धरून मी तिच्यावर टेकवले.

“हासते का?”

“हसते,” मी म्हणालो.