चढावर दाखवलेला हात

माझ्या उजव्या हाताने काय केलं, ते घरात कुणालाच ठाऊक नाही. आईला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगायला बसलोय — आणि तरी आधी हवालदारनानांकडेच वळतोय, कारण त्यांच्याबद्दल बोलणं सोपं आहे.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना, म्हणून अमळनेर-धुळे मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे धगधगती भट्टी, पुढे धापा टाकणारं इंजिन. पोरं तिच्या मागे लोंबकळायची, बैलगाड्यांच्या मधून पळायची. म्हणून हवालदारनाना शनिवारी सकाळी आमच्या शाळेत येऊ लागले. पटांगणात चुन्याने रस्ता आखायचा. दोघं बैल व्हायचे, एक गाडीवान, आणि मोटार व्हायला तर भांडणं! डावीकडून चाला, वळणावर थांबा — हे सगळं आम्ही हसत-हसत शिकलो.

मग एकदा त्यांनी आम्हाला खऱ्या रस्त्यावर नेलं. समोरून मोटार आली. नाना रस्त्याच्या मधोमध उभे राहिले — काठी नाही, शिट्टी नाही — आणि नुसता तळहात वर केला. मोटार थांबली! एवढं धूड, पोटातल्या आगीसकट, एका माणसाच्या हातासमोर उभं! माझ्या अंगावर काटा आला. पोलिसाचा हात मारायला उठतो, एवढंच तोवर आम्ही पाहिलेलं. हा हात कुणाला लागलाही नाही. देवळात कधी वाटलं नव्हतं, ते मला त्या धुळीत वाटलं.

"हाऊ हात जीव वाचाडाले शे, खेयाले नई," नाना म्हणाले — खेळायला नाही. आणि ड्रायव्हर सुपडूभाऊ खिडकीतून हसत म्हणाला, की सपाटीवर ठीक आहे, पण चढावर थांबवलीत तर ही म्हातारी मागेच घसरेल. हे मी ऐकलं होतं. ऐकलं होतं, हे लक्षात ठेवा.

मग मी तिथे का गेलो? पुलाअलीकडच्या चढावर, भर दुपारी, एकटा? नानांनी मला पोरांचा पुढारी नेमलं होतं. आपल्या हातातही ते आहे का, बघायचं होतं. आणि चढावरच का? — तिथे मोटार हळू यायची, आणि मी भित्रा होतो. एवढंच.

मी हात वर केला. ती थांबली. माझ्यासाठी थांबली! लाज वाटते सांगायला, पण तसा आनंद मला पुन्हा झालेला नाही. मग इंजिन गचकलं, बंद पडलं आणि मोटार मागे घसरू लागली. मागे गावातल्या भिका आबांची कापसाने भरलेली बैलगाडी होती. आबांनी उडी टाकली. बैलाला कुठे उडी टाकता येते? त्याचा पाय चाकाखाली गेला. त्याचा आवाज ऐकला आणि मी बाभळींतून पळालो.

सुपडूभाऊने सांगितलं, पोराने हात दाखवला म्हणून ब्रेक दाबला. कोण विश्वास ठेवणार? डुलकी लागली असेल, म्हणाले लोक. पण नाना शाळेत आले. वर्गात इतकी पोरं — त्यांनी मलाच विचारलं, कारण माझ्यावर त्यांचा भरवसा होता.

"तू तठे व्हता का रे?"

"नई, नाना."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात. आणि बाहेर जाऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "मना पोऱ्या लबाड बोलस नई." सुपडूभाऊचं लायसन गेलं. त्याला खोटा ठरवायला माझा एक शब्द पुरला.

स्वातंत्र्य यायच्या आधीच्या उन्हाळ्यात मी धुळ्याला शिकत होतो. लहानग्या भाच्याला घेऊन बाजाराच्या रस्त्यावर उभा होतो. लॉऱ्यांमुळे ओलांडता येईना. एका हमालाने पोत्यांची हातगाडी कडेला लावली, रस्त्यात उतरला आणि येणाऱ्या लॉरीसमोर तळहात वर केला. लॉरी थांबली. पुन्हा अंगावर तोच काटा आला, आणि मग मी त्या हाताखालचा चेहरा पाहिला. सुपडूभाऊ.

त्याने मला ओळखलं नाही. "जाय भाऊ," तो म्हणाला, "पोऱ्याना हात धरीसन जाय."

मी भाच्याचा हात धरला आणि त्याच्यासमोरून रस्ता ओलांडला. पलीकडे पोहोचेपर्यंत त्याचा हात वरच होता. मी थांबलो नाही.