नव्वद, पण कोणतं?

दत्तू मिस्त्री गेल्याचं मला फोनवर कळलं. सकाळी टेकडीवरून उतरत होतो. पायऱ्यांवर दम खायला बसलो आणि सवयीनं देवासच्या मराठी मंडळींचा ग्रुप उघडला. ‘दत्तात्रय साळुंके, टोंकखुर्द, आज पहाटे...’ आणि त्याखाली जोडलेल्या हातांची लांबच लांब रांग. मी बोटानं ती वर सरकवत गेलो, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की आपण गेल्यावर एवढे हात जुळतील का. ज्याला मी जन्मभर मित्र म्हणत आलो, त्याच्या मरणाच्या दिवशीही माझं दुःख मागे राहिलं आणि हेवा आधी जागा झाला. त्याला आता पाच आठवडे झाले. या काळात जो तो त्याच्याविषयी चांगलंच बोलला, आणि बहुतेकांच्या बोलण्याच्या शेवटी एक वाक्य आलं, ‘धारला तेवढी एक चूक झाली हो त्याच्या हातून.’ ती चूक त्याची नव्हती. माझी होती... आणि खरं म्हणजे ती चूकही नव्हती.

धारला आम्ही दोघं एका ठेकेदार सेठच्या वर्कशॉपमध्ये कामाला होतो. मी डिप्लोमा घेऊन देवासहून आलेला सुपरवायझर आणि तो आठवी शिकलेला मिस्त्री. त्याचे पणजोबा संस्थानच्या पागेत घोड्यांची देखभाल करायचे. माळव्यात भैयाला भिया म्हणतात; तो म्हणायचा, ‘भिया, आमच्या घरात चार पायांचंच काम. आता पायांची चाकं झाली एवढंच.’ सेठनं लष्कराच्या लिलावातले तीन जुने ट्रक घेतले होते, चारही चाकं ओढणारे. बाग गावाच्या पलीकडे डोंगरातल्या गावांना विजेचे खांब पोचवायचे, तर दुसरी गाडी तिथं चढतच नसे. अशा ट्रकच्या पोटात साध्या गाडीपेक्षा जास्त कारभार असतो. गिअरबॉक्स असतो, त्यामागे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा असतो आणि दोन्ही आसांवर दात्यांची जड चाकं असतात. या सगळ्यांना घट्ट तेल लागतं आणि त्या तेलाला आमच्याकडे सगळे नुसतं ‘नव्वद नंबर’ म्हणतात. दुकानात जायचं, नव्वद मागायचं, ओतायचं. एकटा दत्तू विचारायचा, ‘नव्वद, पण कोणतं?’ कारण डब्यावर मोठ्या आकड्यात नव्वदच असलं तरी खाली बारीक अक्षरांत कुठं चार लिहिलेलं असतं, कुठं पाच. पाचवाल्यात गंधकाची औषधं जास्त. आसांवरच्या दात्यांना ते हवंच, कारण तिथं लोखंड लोखंडावर घासतं. पण त्या जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी कड्या होत्या आणि पाचवालं तेल तापलं की पितळ हळूहळू खातं. तिथं चारवालंच हवं.

हे मला पुस्तकातून माहीत होतं, दत्तूला नाकानं. डब्याचं झाकण उघडून तो डोळे मिटायचा आणि सांगायचा, ‘हे पाच.’ एकदाही चुकला नाही. वर म्हणायचा, ‘तेल आणि जावई, पाटी वाचून घेऊ नये, जरा जवळ जाऊन वास घ्यावा.’ सगळे हसायचे. मीही हसायचो आणि आतून जळायचो. सेठ तर सगळ्यांच्या देखत म्हणायचा, ‘इंजिनियर साब, पहले दत्तू को सुँघा लो, फिर अपनी किताब खोलना।’ घरी स्कूटर अडली की माझी बायको मालती म्हणे, ‘तुम्ही राहू द्या, दत्तूभाऊजी येतील.’ तो यायचा, दोन मिनिटांत स्कूटर चालू करायचा आणि जाताना मलाच म्हणायचा, ‘तुम्हीच केलं असतं भिया, मी उगाच मध्ये आलो.’ त्याच्या या चांगुलपणाचा मला सगळ्यात जास्त राग यायचा. तो गर्विष्ठ असता तर माझं काम सोपं झालं असतं...

एका उन्हाळ्यात पुतणीच्या लग्नासाठी तो चार दिवस देवासला गेला. जाताना सांगून गेला, ‘तिन्ही गाड्यांच्या गिअरबॉक्सचं तेल बदलायचं आहे. चारवालं सांगा, भिया.’ मी इंदूरच्या व्यापाऱ्याला फोन लावला. त्यानं विचारलं, ‘नब्बे कौन सा भिया, चार कि पाँच?’ मी म्हणालो, ‘नब्बे।’ तो म्हणाला, ‘हाँ, पर कौन सा?’ फोन हातात धरून मी जरा थांबलो. ती थांबलेली घटका मला आजही आठवते. मग म्हणालो, ‘जो ज़्यादा चलता है, वही भेज दो।’ जास्त चालायचं ते पाच, हे मला पक्कं ठाऊक होतं. डबे आले. बारीक अक्षरं मी वाचली, तेल भरून घेतलं आणि रिकामे डबे त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकले. गाड्या बिघडवायचं माझ्या मनात नव्हतं. मला फक्त एकदा त्याचं नाक खोटं ठरलेलं पाहायचं होतं.

दत्तू परत आला, लग्नातले बुंदीचे लाडू माझ्या टेबलावर ठेवले आणि सरळ गाडीखाली गेला. गिअरबॉक्सचा बोल्ट सैल करून बोटावर तेल घेतलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं. बाहेर येऊन म्हणाला, ‘भिया, वास जरा तिखट लागतोय.’ मी म्हणालो, ‘तुला सर्दी झालीय. चार दिवस आचाऱ्याच्या धुरात बसला होतास. चारवालंच आहे, मी स्वतः पाहिलं.’ तो माझ्याकडे पाहत राहिला. मग नाक पुसून हसला, ‘तुम्ही पाहिलं म्हणजे झालं.’ एवढंच... त्यानं स्वतःच्या नाकापेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

हिवाळ्यापर्यंत गिअर कुरकुरायला लागले. एक दिवस डोंगराच्या चढावर एका गाडीला खालचा गिअर पडेना. गाडी मागे घसरली, खांब सुटले, ड्रायव्हरचा पाय मोडला. गिअरबॉक्स उघडले तर पितळी कड्या काळ्या पडून झिजलेल्या. सेठनं अंगणात सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, तेल कुणी पास केलं? मी बोलायला तोंड उघडलं होतं, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. उघडलं नव्हतं. दत्तू म्हणाला, ‘मैंने सूँघा था, सेठ। मेरी नाक चूक गई।’ माझं नावही घेतलं नाही. त्या आठवड्यात तो धार सोडून गेला आणि त्यानं देवासजवळ टोंकखुर्दला ट्रॅक्टरच्या कामाचं लहानसं दुकान टाकलं. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये सगळे मला विचारायला आले, आता तेल कोणतं घालायचं. हवं ते मला मिळालं होतं.

मागच्या आठवड्यात मी टोंकखुर्दला गेलो. दुकान आता त्याची मुलगी सुनीता चालवते. स्टोव्हवर एका स्टीलच्या वाटीत तेल तापत होतं आणि त्यात तांब्याची पट्टी बुडवलेली होती. मागच्या फळीवर अशा पट्ट्या ओळीनं ठोकलेल्या, काही लाल, काही काळ्या, आणि वर दत्तूच्या अक्षरात, ‘वास घेऊ नये. पट्टी पाहावी.’ मी त्याकडे बघतोय हे पाहून सुनीता म्हणाली, ‘बाबांची पद्धत, काका. एकदा डब्यावर चार आणि आत पाच निघालं, सर्दीत नाकाला ते पक्कं ओळखता आलं नाही म्हणायचे, मग पुन्हा कधी वास घेऊन तेल नाही दिलं. पट्टी काळी पडली तर ते तेल गिअरबॉक्समध्ये नाही.’ मी बाकावर बसलो. एवढी वर्षं मला वाटत होतं, त्याला सगळं कळलं असणार आणि त्यानं मला माफ केलं असणार. त्याला काहीच कळलं नव्हतं. तो शेवटपर्यंत स्वतःच्या नाकालाच दोष देत राहिला.

मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, मी हे लिहिणार आहे, वर्तमानपत्राच्या मराठी पुरवणीत छापून येईल, त्याच्या नावावरचा डाग जाईल. तिनं स्टोव्ह बारीक केला. मग म्हणाली, ‘मराठी मलाच अडखळत वाचता येतं, काका. इथं कोण वाचणार? सांगायचंच तर यांना सांगा.’ दारात ट्रॅक्टरवाले दोघं चहा पीत बसले होते. पुरवणीत लिहिणं किती सोपं होतं ते मला तेव्हा समजलं. मी उठून उभा राहिलो आणि हिंदीतून त्यांना सांगितलं, की धारचं ते तेल मी मागवलं होतं आणि जाणूनबुजून मागवलं होतं. त्यांतल्या म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. ‘तो मिस्त्री की नाक सही थी?’ मी म्हणालो, ‘सही थी।’ तो म्हणाला, ‘इत्ते साल बाद बता रिया हो, भिया?’

सुनीता स्टोव्हकडे वळली. मी म्हणालो, ‘आता ही पट्टी कशाला? नाक बरोबरच होतं त्याचं.’ ती म्हणाली, ‘नाक त्यांचं होतं, काका, ते त्यांच्याबरोबर गेलं. पट्टी मला पाहता येते.’ लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणीही मला त्याचा हेवा वाटला. मी त्याचं एवढं मोडलं आणि त्यातून त्यानं दुसऱ्याच्या हातात देता येईल असं काही करून ठेवलं. माझ्याकडे द्यायला तसं काही नाही. तिनं पकडीनं पट्टी बाहेर काढली, फडक्यानं पुसली आणि माझ्यापुढे धरली. ‘उजेडात बघा बरं, काळी पडलीय का? माझा चष्मा घरी राहिलाय.’ मी दारापर्यंत गेलो. पट्टी दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली, मग पुन्हा एकदा पाहिली. लाल होती, स्वच्छ.

‘चारवालं आहे,’ मी म्हणालो. ‘भर.’