ब्रेल काकूंचा दसरा

ब्रेल काकूंच्या घरी बेल वाजवून उपयोग नसे, सरळ दार ढकलून आत जावं लागे. जाड कागदावर टिंबं ठोकणारा त्यांचा प्रिंटर सुरू झाला की शेजारच्या कुलकर्ण्यांच्या कपबशा किणकिणत. "काकू, भिंत पाडताय का?" ते ओरडत. "पुस्तक करतेय! कानात कापूस घाला," काकू आतून सांगत.

शाळेतून निवृत्त झाल्यावर डोंबिवलीतल्या त्या दोन खोल्यांत त्या अंध मुलांसाठी पुस्तकं छापायच्या. मी टायपिंगला जायचे. पुस्तक मागताना कुणी 'प्लीज' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "उपकार मागतेस का गं? हक्काचं आहे, नीट माग!" मोहने गावाहून येणाऱ्या रेश्माला तर त्यांनी मागणीचं वाक्य 'प्लीज'शिवाय पुन्हा म्हणायला लावलं होतं.

दसऱ्याला कात्री, स्टेपलर, प्रिंटर, कॉम्प्युटर, सगळ्यांना झेंडूची माळ. त्या वर्षी कॉम्प्युटर कित्येक महिने नवी सिस्टीम घ्या म्हणून मागे लागला होता. काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "आज मुहूर्त आहे. यालाही नवे कपडे घालू." आणि बटण दाबलं. मीही टाळ्या वाजवल्या.

पुढे दिवाळीची सुट्टी, यंत्र बंदच होतं. सुट्टी संपताच रेश्मा आली. तिची बँकेची परीक्षा तोंडावर होती आणि शेवटची प्रकरणं छापायची राहिली होती. मी प्रिंट दिली. यंत्र ढिम्म. कॉम्प्युटरला ते दिसतच नव्हतं. यंत्रासोबत आलेली सीडी घातली, तर हा प्रोग्राम या सिस्टीमवर चालणार नाही म्हणे. जुन्या सिस्टीमवर परत जायची मुदतही उलटली होती.

काकू डोक्याला हात लावून बसल्या. "प्रिंटर धडधाकट आहे, कॉम्प्युटरही. दोघांमधला दुभाषी तेवढा जुनी भाषा बोलतोय. आणि मीच मुहूर्तावर भाषा बदलली."

कंपनीला फोन केला. "मॅडम, त्या मॉडेलसाठी नवा प्रोग्राम येणार नाही. नवीन मशीन घ्या."

"हे चालतंय की हो!"

"चालत असेल, पण जुनं झालं."

माझं रक्त तेव्हा उसळलं, ते अजून शांत नाही. चालतं यंत्र कुणीतरी दूर बसून बाद ठरवतं आणि एका मुलीचं पुस्तक थांबतं, ही प्रगती कुणाची?

काकूंनी मात्र पदर खोचला आणि सोसायटीत दारोदार फिरल्या. "माळ्यावर जुना कॉम्प्युटर आहे का? कधीच नवा न केलेला?" मिळाला तो कुलकर्ण्यांकडे. स्टुलावर चढून त्यांनीच धूळ झटकत खाली काढला. "घ्या. पाडा भिंत."

त्याच्यावर सीडी चालली. काकूंनी इंटरनेटची वायर त्याच्या जवळपासही येऊ दिली नाही. रेश्मा पहिलं पान उभ्यानेच वाचायला लागली. मध्येच बोट थांबलं. "काकू, इथे एक शब्द चुकलाय." काकू हसता हसता रडायला लागल्या.

गेल्या वर्षी काकू गेल्या. त्यांचा मुलगा घर आवरायला आला, तेव्हा रेश्मा टेम्पो घेऊन हजर. ती आता बँकेत आहे.

"मशीन न्या, पण तो डबडा कॉम्प्युटर कशाला? नवीन घेऊन देतो ना मी," तो म्हणाला.

"नवीन नको," रेश्मा म्हणाली. "दोन्ही उचला. मोहन्यात मुलं पुस्तकांसाठी थांबलीत."