तीन बावन्नचा फॅक्स

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मनातल्या मनात हसले आहे. वडील फिजिक्सचे शिक्षक, त्यामुळे साताऱ्याच्या आमच्या घरात भूतबित, संकेतबिंकेत असलं काही बोलायची सोय नव्हती. त्यात मी प्रोग्रॅमर. जे घडतं त्याची लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या नोंदवहीत, एक ओळ पडते. ओळ नसेल तर ते घडलेलंच नाही, इतकं साधं. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली. नावं बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसं.

२००४ चा फेब्रुवारी. मी अमेरिकेत, मिनिआपोलिसजवळच्या ईडन प्रेरीत राहायचे आणि मिनिआपोलिसच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये कॉन्ट्रॅक्टवर होते. टीम दोघांचीच — मी आणि नागपूरचा गिरीश. तिथे पेशंट गेला की घरच्यांना कळायचं, पण त्याच्या गावच्या फॅमिली डॉक्टरला कुणी कळवायचंच नाही. मग क्लिनिकमधून फोन जायचा, "आजोबा चेकअपला का आले नाहीत?" आणि पलीकडे बाई नवऱ्याला नुकतीच पुरून आलेली... अशा दोन-तीन गोष्टी झाल्यावर हॉस्पिटलने आमच्याकडून एक सिस्टिम करून घेतली. नर्सने कॉम्प्युटरवर मृत्यूची नोंद केली की फॅमिली डॉक्टरला आपोआप फॅक्स. पेशंटचं नाव, तारीख, वेळ, नोंद करणाऱ्या नर्सचं नाव आणि खाली शंकांसाठी आमचा फोन नंबर.

सिस्टिम सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. दुपारी सव्वा वाजता माझा फोन वाजला.

"मी डॉक्टर लिंडमन." म्हातारा, सावकाश आवाज. दीड तासावरच्या एका छोट्या गावातले डॉक्टर. "अर्ल गेल्याचा फॅक्स आला आत्ता. त्याच्या मुलीला फोन करणार होतो, पण वेळ बघून थांबलो. इथे दुपारचे तीन बावन्न लिहिलंय. तीन बावन्न अजून वाजायचेत ना?"

"डॉक्टर, प्लीज कुणालाही फोन करू नका. मी बघते."

कॉम्प्युटरवर अर्लचा खोली नंबर बघितला आणि लिफ्टची वाट न बघता चार मजले चढून गेले. खोलीच्या दारात उभी राहिले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अर्ल, स्कूल बस चालवून रिटायर झालेले, मांडीवर ट्रे घेऊन सूप पीत होते. न्यूमोनियासाठी ॲडमिट झाले होते, आता बरे होते, दुसऱ्या दिवशी घरी जाणार होते. मला बघून त्यांनी चमचा उंचावून हॅलो केलं.

खाली येऊन डॉक्टरांना सांगितलं, की अर्ल ठणठणीत आहेत, चूक आमची आहे. त्यांनी मोठा श्वास सोडला. तो कागद मी त्यांच्याकडून परत फॅक्स करून मागवला. आमचाच फॉरमॅट, वर पाठवणाऱ्याचा म्हणून आमचाच फॅक्स नंबर. तारीख आजची, वेळ दुपारी ३:५२, नर्स डनीस. गिरीशने वॉर्डला फोन लावला. डनीसची आज सुट्टी होती.

"अबे, टेस्ट डेटा गेला असेल कुठून तरी," तो म्हणाला. पण लॉगमध्ये ओळच नव्हती. सकाळपासून आमच्या सिस्टिममधून एकही फॅक्स बाहेर गेला नव्हता. आम्ही सिस्टिम बंद केली आणि कोड उघडून बसलो. जिवंत माणसाला मेलेला ठरवलेला कागद... नोकरी गेली तर व्हिसाचं काय, हेच डोक्यात.

सव्वातीनला रिसेप्शनवरून निरोप आला — डॉक्टर लिंडमन आलेत. बुटांना बर्फ, हातात टोपी. इतक्या बर्फात दीड तास ड्राइव्ह करून!

"डॉक्टर, मी सांगितलं होतं ना, कागद चुकीचा आहे म्हणून?"

"म्हणूनच आलो," ते म्हणाले. "एकतीस वर्षं माझा पेशंट आहे तो. माझे पेशंट तुमच्या या बिल्डिंगमध्ये जातात आणि मला पेपरमधून कळतं. आज अर्धा तास मला वाटलं, हाही गेला. मग तुम्ही म्हणालात, आहे. म्हटलं, आहे तर भेटून यावं."

मीच त्यांना वर घेऊन गेले. अर्ल हसायला लागले. "डॉक, तू इथे? कोण मेलं?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसले, त्यांचा हात हातात घेतला. दोघं मासे पकडण्याबद्दल बोलू लागले. माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. तीन पंचवीस.

तेवढ्यात बीपी बघायला एक नर्स आत आली. "आज सुट्टी होती माझी," ती अर्लना म्हणाली, "पण बरोबरीची बर्फावरून घसरून पडली, म्हणून मला बोलावलं." मी तिच्या छातीवरची पट्टी वाचली. डनीस.

डॉक्टरांनीही ती पट्टी वाचली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं... आणि अर्ल बोलता बोलता वाक्याच्या मध्येच थांबले. मान कलली.

डनीसने इमर्जन्सीचं बटण दाबलं. माणसं धावत आली, मला बाहेर काढलं. दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टर लिंडमन कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे होते, टोपी छातीशी धरून. किती वेळ गेला कळलं नाही. मग आतून हॉस्पिटलच्या डॉक्टरचा थकलेला आवाज आला, "थांबा आता. वेळ — तीन बावन्न." डनीस ते लिहून घेत होती.

अर्लच्या मुलीला फोन डॉक्टरांनीच केला. शेवटी "मी होतो त्याच्याजवळ" एवढं दोनदा म्हणाले. जाताना त्यांनी मला विचारलं, "सिस्टिम बंद केलीत? सुरू करा. बाकीच्यांना कळायला हवं."

दुसऱ्या दिवशी आम्ही ती सुरू केली. पुढे दीड वर्ष मी तिथे होते, वेळेआधी एकही फॅक्स गेला नाही. फोन कंपनीच्या रेकॉर्डमध्येही त्या दुपारी आमच्याकडून गेलेला फॅक्सचा कॉल सापडला नाही. गिरीश अजून म्हणतो, काहीतरी टेक्निकल असणार. असेलही. पण सुट्टीवरच्या नर्सचं नाव? ती मिनिटं?

आणि हे कुणाला सांगितलेलं नाही, इथेच पहिल्यांदा लिहिते आहे. दीड ते सव्वातीन, जवळजवळ दोन तास तो कागद माझ्या टेबलावर होता. मी त्या दोन तासांत प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासली. वर जाऊन त्या माणसाला जरा तपासा, असं मी एकालाही म्हणाले नाही. म्हणाले असते तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. आणि तो फॅक्स कुणी पाठवला, तेही नाही.