भिंतीवरचा अंडरआर्म

मी भिंतीला टेकलो आणि चित्रातल्या संघाचा विकेटकीपर गेला. रंग ओला होता. गंगाराम कुबल यांनी एकदा भिंतीवरच्या पिवळ्या फराट्याकडे पाहिलं, एकदा माझ्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीकडे पाहिलं, आणि पिवळ्या रंगाचा डबा उपडा केला. डब्यातून काही पडलं नाही. क्रिकेट मंडळाचा अध्यक्ष मितेश एवढ्यात भिंत बघायला येणार होता.

गंगारामकाकांचा सगळा जन्म बोटीच्या इंजिनात गेला. जग फिरले, पण तळाशी राहून; कुठल्याही बंदराचं नाव काढा, काका तिथल्या उकाड्याचं वर्णन करतात. निवृत्त होऊन आचऱ्याला आले आणि ओटीवर बसून समोरच्या माडांकडे बघू लागले. आठवडाभराने यशोदाकाकी म्हणाल्या, "माड काय तुमच्या बघण्यान वाडनत नाय. कायतरी करा."

काकांनी चित्रकला धरली. मोबाइलवर एक बाई नवशिक्यांना खेळाचं सोपं चित्र शिकवत असे: आधी डोक्याचा गोल, मग पाठीची रेघ, मग हातपाय. काका गोलासाठी करवंटी उपडी घालत. त्यामुळे त्यांच्या फलंदाजाचं, बॉलरचं आणि अंपायरचं डोकं एकाच मापाचं, सख्ख्या भावांसारखं येई.

मग मैदानाच्या भिंतीला चुना झाला आणि काकांनी भिंत मागितली. मितेशने नाही म्हटलं नाही. अडचण एवढीच, की रविवारच्या सामन्यांसाठी त्याने फ्लेक्स आधीच छापून आणला होता.

"काका, शनिवारी सांजचे बघतलंव," तो म्हणाला. "बरा दिसला तर रवतला, नाय तर वरसून फ्लेक्स मारतलंव."

फ्लेक्सची गुंडाळी त्याने तिथेच भिंतीला उभी करून ठेवली. काका आठवडाभर तिच्याशेजारी उभं राहून रंगवत होते.

पहिला बॉलर त्यांनी मोबाइलमधल्या बाईंच्या सांगण्याप्रमाणे काढला. छाती पुढे, हात आभाळात. संध्याकाळी सरावाला आलेली पोरं भिंतीसमोर थांबली आणि सगळ्यांनी एकदम आडवा हात करून बोंब ठोकली, "नो-बॉल!"

आमच्याकडचं क्रिकेट अंडरआर्म. चेंडू सोडायचा तो खाली वाकून, गुडघ्याजवळून. हात खांद्याच्या वर गेला की संपलं. फ्लेक्सवरच्या बॉलरचाही हात वरच होता, पण छापलेल्याला कोणी नो-बॉल देत नाही.

काकांनी चुना मारला. दुसरा बॉलर वाकवला. मितेश जाता जाता थांबला.

"काका, हो बॉलिंग करता काय तरवो लावता?"

बघितलं तर खरंच, चिखलात भाताची रोपं लावणारा गडीच तो. पुन्हा चुना. मोबाइलमधल्या बाईंकडे अंडरआर्म नव्हता. काका जेवताना ताटात बोटाने रेघा ओढू लागले. यशोदाकाकींनी कढीत काढलेला माणूस पाहिला आणि त्यावर भात वाढला.

शुक्रवारी काकी घरापुढच्या खळ्यात बांगडे सुकत घालत होत्या. मांजर आलं. काकींनी नारळाचं सोडण, म्हणजे सोललेली साल, उचललं, गुडघ्यात वाकल्या आणि हात खालून झोकून दिला.

"थांब!" काका ओटीवरून ओरडले. "तशीच रव!"

"रवतंय कित्या? माजार बांगडो घेऊन गेला!"

"जावंदे. हात खाली ठेव. गुडघो आनीक वाकव."

"येड लागला काय तुमका?" काकी म्हणाल्या. पण राहिल्या तशाच, कंबर दुखेपर्यंत.

शनिवारी तो बॉलर भिंतीवर चढला. बाकीचे खेळाडू काठ्यांचे होते, हा मात्र खराखुरा वाकलेला. चेंडू हातातून सुटून गेल्यासारखा वाटत होता. शेवटी विकेटकीपर पिवळा केला आणि डबा संपला. त्याच वेळी मी काकांचं कौतुक करायला आलो आणि ऐसपैस टेकलो.

मितेश आला. मागे हटून बघत राहिला. काकांनी ब्रश पाठीमागे धरला होता. मी माझी पाठ माडाकडे करून उभा होतो.

"बॉलर यशोदाकाकीसारखो दिसता," मितेश म्हणाला.

काकांनी ब्रश आणखी मागे सरकवला.

"पण चेंडू लेगाक पडतलो. बरोबर आसा." त्याने फ्लेक्सची गुंडाळी उचलून खांद्यावर टाकली. "ह्यो बसूक घालूया. उद्या सकाळी गवतार दव असता."

तो गेल्यावर काकांनी ब्रश पुसायला घेतला. पिवळ्या फराट्याचं तेवढं माझ्या मनातून जाईना.

"काका," मी म्हटलं, "उद्या सगळो गाव इचारतलो, विकेटकीपर खंय गेलो म्हणान. काय सांगू?"

"तुज्या पाठीर आसा, सांग."