पुरणावरची रेघ

परवा आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं... आणि भर दुपारी दोन वाजता आम्ही वीस-एकवीस माणसं मनीषनगरातल्या आमच्याच फ्लॅटबाहेर, सातव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये उपाशी बसलो होतो. दार बंद, किल्ली आत.

हे कसं झालं ते सांगायला जरा मागे जावं लागेल. म्हाताऱ्या माणसाला तेवढी सूट द्या.

माझं बालपण खाप्याचं. वडील हातमागावर बसायचे, घर एका खोलीचं. महालक्ष्म्यांच्या पोकळ पत्र्याच्या कोठ्या आई धान्याने भरायची, म्हणजे खाली चिंध्या आणि वरून दोन ओंजळी गहू... वर मुखवटा बसवताना ती दरवर्षी हळूच म्हणायची, "माय, पुढच्या साली गळ्यापर्यंत भरू दे."

नैवेद्य दाखवला की सगळ्यांनी बाहेर जायचं आणि दार लोटायचं, ही आमच्याकडची रीत. देवी जेवत असताना कुणी बघायचं नाही. आम्ही भावंडं ओट्यावर पुरणाचा वास घेत गप्प बसायचो. कन्हान नदीकडून वारा यायचा, पोटात कावळे ओरडायचे, आणि आत खरंच कुणीतरी आलंय असं वाटायचं.

दार उघडलं की आई ताट दाखवायची. पुरणावर बोटाची एक बारीक रेघ असायची. "पाहा, जेवून गेल्या."

मोठा झाल्यावर लक्षात आलं, खोलीतून सगळ्यांत शेवटी बाहेर पडायची ती आईच. पण कळल्याने काही बिघडलं नाही. पुढे माझ्या संसारात माझी बायको सुमन शेवटी बाहेर पडायची. मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही... रेघ मात्र चुकली नाही.

सुमनला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा सुधीर कर्तबगार निघाला. आता कोठ्या खरोखर गळ्यापर्यंत भरतात, तेही बासमतीने. आईचं मागणं पुरं झालं म्हणायचं.

पण खरं सांगू का... हात जोडून उभा राहतो आणि मागायला काही सुचतच नाही. मागणं संपलं तसं देवीशी बोलणंही संपलं. गेली दोन वर्षं दार उघडलं की मी आधी ताटाकडे बघतो. पुरण गुळगुळीत. आपणच रेघ ओढायची आणि आपणच भुलायचं, हे काही मला जमलं नाही.

तर परवा. नव्या फ्लॅटमधलं हे पहिलं जेवण. हॉल ऐसपैस, पण त्याला दारच नाही. म्हणून नैवेद्य दाखवून सगळेच मुख्य दारातून बाहेर आलो. सून ऋचा "एकच मिनिट" म्हणत परत आत गेली, घाईघाईने आली आणि तिने दार ओढून घेतलं.

खट्... हे कुलूप आपोआप लागतं, ते तेव्हा सगळ्यांना आठवलं.

"एवढं काय राहिलं होतं तुझं आत?" सुधीर चिडला. आत समई जळत होती, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर सजावटीचे झिरझिरीत पडदे.

समोरच्या फ्लॅटमधल्या मेश्रामताईंनी सतरंजी आणून टाकली. "काहून उभे राहून राहिले जी काका? बसा नं." मग ऋचाकडे वळून म्हणाल्या, "घरात आलेल्या लक्ष्मीले चांगलं कोंडलं वं तू. आता कुठं जाते ते." सगळे हसले, ऋचा सोडून.

चाबीवाला फोनवर दर दहा मिनिटांनी "येऊनच राहिलो न भाऊ" म्हणत होता. पोरं भुकेने किरकिरायला लागली. सात वर्षांची नात चिऊ म्हणाली, "आबा, तुमच्या शाळेतली कविता म्हणा."

म्हटली. चौथीच्या पुस्तकातली, खाप्याच्या शाळेत हात मागे बांधून म्हणायचो ती. पण तिसऱ्या कडव्याला मी अडतो. पुढची ओळ सुमन सांगायची... भाजी निवडता निवडता, मान वर न करता. परवाही अडलो. सवयीने थांबलो.

त्या बंद दाराकडे बघत बसलो. आतून पुरणाचा वास येत होता, पोटात भूक होती, मनात त्या समईची धास्ती. आणि किती वर्षांनी कोण जाणे, माझ्या आतून शब्द आले... "माय, घर सांभाळ."

तासाभराने चाबीवाला आला. एवढी माणसं बघून म्हणाला, "देवी तं दोनदा जेवल्या असतील आतापावेतो." दोन मिनिटांत दार उघडलं.

समई मंद जळत होती. पडदे जागच्या जागी. सुधीरने सुस्कारा सोडला आणि पुन्हा ऋचाला कुलपावरून बोलायला लागला. चिऊ मात्र धावत ताटाशी गेली. "आबा, इथे कुणी बोट लावलंय?"

मी वाकून बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं... पुरणावर एक बारीक रेघ होती.

ऋचा आमच्याकडे पाठ करून समईची वात सारखी करत होती. सुमनने तिला हे कधी सांगितलं असेल? कोणत्या दुपारी, काय निवडताना? आणि मग दोन वर्षं ती का थांबली असेल? मी विचारलं नाही. आमच्या घरात हे विचारत नाहीत.

चिऊला म्हटलं, "जेवून गेल्या." सुधीरला म्हटलं, "पुरे रे. पानं घ्या आता."

मागायला काही उरलं नाही असं वाटत होतं... उरलंय. कोठ्या कुठवर भरायच्या ते तुझं तू बघ, माय. शेवटी बाहेर पडणारं एक माणूस या घरात असू दे.